दुबईची वाळवंट सफर : वाळूवर नक्की किती मिनिटं?

दुबईत ‘डेझर्ट सफारी’ म्हणून जे विकलं जातं, त्यात वाळूच सगळ्यात कमी असते. नेहमीच्या संध्याकाळच्या पॅकेजचा हिशेब मांडून बघा. तीनच्या सुमाराला गाडी हॉटेलखाली येते. बर दुबई, करामा, देरा असं फिरत बाकीची माणसं उचलण्यात पाऊण तास. लहबाबच्या वाळवंटापर्यंत साधारण तासाचा रस्ता. टायरांची हवा काढायच्या निमित्ताने क्वाड बाइक (वाळूत चालवायची चारचाकी बाइक) भाड्याने देणाऱ्यांच्या दारात अर्धा तास. मग वाळूच्या टेकड्यांवर गाडी, पंचवीस ते तीस मिनिटं. एका टेकडीवर थांबून फोटो आणि सँडबोर्डिंग, म्हणजे बोर्डावरून वाळूत घसरणं, मिळून वीस मिनिटं. पुढचे दोन-सव्वादोन तास कॅम्पात, आणि तासाभराने पुन्हा शहरात. सहा-साडेसहा तासांत वाळू जेमतेम पन्नास मिनिटं.

ज्यांना कॅम्प, नाच आणि जेवण हवंय त्यांनी हे पॅकेज खुशाल घ्यावं, वाईट नाही. पण टेकड्यांवरची गाडी आणि बोर्ड या दोनच गोष्टींसाठी जायचं असेल, तर सकाळची चार तासांची सफर घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिच्यात कॅम्प नसतो, त्यामुळे गाडीला पाऊण तास आणि बोर्डाला अर्धा तास सहज मिळतो. गर्दी कमी. बोर्डासाठी रांग लावावी लागत नाही. आणि दुपारी एकपर्यंत परत आल्यावर उरलेला दिवस हाताशी राहतो.

जागेबद्दल थोडं. बहुतेक गाड्या जातात ते लहबाब दुबई-हत्ता रस्त्यावर आहे. इथली वाळू तांबडी आहे, कारण कणांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. जुमेराच्या किनाऱ्यावरची फिकट वाळू बरीचशी शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची, तिच्यात हा रंग येत नाही. त्याच रस्त्याने पुढे गेलं की अल बदायर लागतं आणि ‘बिग रेड’ ही मोठी टेकडी. तो भाग शारजा अमिरातीत मोडतो, आणि शारजात दारूबंदी आहे. त्यामुळे कॅम्पात थंडगार बिअरचं आश्वासन कुणी दिलं असेल, तर कॅम्प नेमका कुठल्या अमिरातीत आहे हे आधी विचारून घ्यावं. तिसरा पर्याय म्हणजे दुबई डेझर्ट कन्झर्वेशन रिझर्व्ह, सुमारे २२५ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र. तिथे मोजक्याच कंपन्यांना परवानगी आहे, भर ओरिक्स (लांब शिंगांचं वाळवंटी हरीण) आणि इतर प्राणी बघण्यावर असतो आणि दर चांगलेच चढे. टेकड्यांवर गाडी उडवायची हौस तिथे भागत नाही.

वाटेत वाळूत एकटीदुकटी हिरवी झाडं दिसतात, त्यांना इथे ‘घाफ’ म्हणतात. २००८ पासून तो या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. दसऱ्याला ज्या शमीची पूजा करतो तीच ही. आणि तिच्या आसपास जाड, फिकट पानांची जी झुडपं दिसतात ती रुईची जवळची बहीण. पान तोडू नका, चीक डोळ्यात गेला तर सफर तिथेच संपली.

आता मुख्य भाग. डांबरी रस्ता संपतो तिथे ड्रायव्हर उतरतो, व्हॉल्व्हची टोपी काढतो, आत काडी खुपसतो आणि टायर फुसकारू लागतो. रस्त्यावर ३५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असलेली हवा १५ ते १८ वर आणली जाते. याने टायर बसतो आणि जमिनीला टेकलेला त्याचा पट्टा लांबतो. गाडीचं वजन तेवढंच, पण जास्त जागेवर वाटलं गेल्यामुळे चाक वाळू खणत नाही, तिच्यावरून सरकतं. चांगला ड्रायव्हर गेज लावून चारही चाकं सारखी आहेत का बघतो. नुसतं लाथ मारून अंदाज घेणाऱ्याच्या गाडीत बसायचं असेल तर बसा, पण सीटचा पट्टा घट्ट लावा. हवा १२ च्या खाली गेली आणि गाडी झटकन वळली, तर टायर रिमवरून निसटतो. भर वाळूत जॅक रुततो, त्याच्याखाली फळी घालावी लागते, आणि तेवढ्यात तुमच्या पन्नासातली वीस-पंचवीस मिनिटं गेलेली असतात.

गाड्या बहुधा टोयोटा लँड क्रूझर, क्वचित निसान पेट्रोल. आत छताला लागून लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, तो गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून. तो नसलेली गाडी आली तर बसू नका, यात संकोच कसला. प्रत्येक सीटला चालू स्थितीतला पट्टा, आग विझवायचं नळकांडं आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढं निघायच्या आधी डोळ्यांखालून घालावं. पट्टा ओढून बघा, बारीक वाळूने त्याची कळ अडकलेली असते. जैसलमेरजवळ सम इथे उघड्या जीपमध्ये मागचा दांडा धरून उभं राहायची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती इथे विसरावी. इथे खिडकीतून हातसुद्धा बाहेर काढायचा नाही.

टेकडीला दोन बाजू असतात आणि सगळं नाट्य त्या दोघींमधल्या फरकात आहे. वारा जिकडून येतो ती बाजू लांबट, कमी चढाची आणि दाबून बसलेली. गाडी तिकडून चढते. पलीकडची आडोशाची बाजू म्हणजे वरून घरंगळलेल्या वाळूची घसरण, साधारण ३० ते ३४ अंशांची आणि भुसभुशीत. कोरडी वाळू याहून उभी राहूच शकत नाही, ढासळते. दोन्ही बाजू मिळतात ती धार. धार ओलांडताना वेग कमी पडला तर गाडीचं पोट धारेवर टेकतं, पुढची चाकं हवेत आणि मागची वाळू उडवत राहतात. वेग जास्त झाला तर गाडी उडते आणि नाकावर आपटते. त्या आपटण्याचा हिशेब पाठीचा कणा देतो. म्हणून पाठीचं, मानेचं जुनं दुखणं असणाऱ्यांनी, हृदयरोग्यांनी आणि गरोदर बायकांनी टेकड्यांवरच्या गाडीत बसू नये. तीन वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. आजी-आजोबांसाठी बुकिंग करतानाच सांगितलं तर त्यांना सरळ रस्त्याने कॅम्पात सोडतात. ऐनवेळी सांगितलं तर मात्र मोकळी गाडी नसते, आणि मग ‘काही होत नाही, बसा आजी’ सुरू होतं.

उतारावर तिरकी घसरत जाणारी गाडी बघून सगळे ओरडतात, पण ती ड्रायव्हरच्या हातात असते. मागचा भाग सुटू लागला की तो स्टिअरिंग उताराच्या दिशेला वळवतो, थोडा ॲक्सिलरेटर देतो आणि गाडी सरळ होते. अशा वेळी ब्रेक मारणारा किंवा वरच्या बाजूला वळवणारा ड्रायव्हर नवखा. गाडी आडवी होऊन कोलांटी खाते ती तिथेच. गाड्या ओळीने जात असतील तर दोघींमध्ये एक टेकडी अंतर हवं, म्हणजे पुढची अडकली तर मागची तिच्यावर चढत नाही. आणि गाडी उभी करायची ती उताराकडे तोंड करून, म्हणजे पुन्हा निघताना चाक रुतत नाही. या तीन गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत दिसतात. दिसल्या की निवांत ओरडा.

ड्रायव्हर जास्तच जोरात चालवत असेल तर सरळ हिंदीत ‘भाई, आहिस्ता’ म्हणा. या धंद्यातल्या बऱ्याच ड्रायव्हरांना हिंदी-उर्दू उत्तम येतं आणि सांगितलेलं ते ऐकतात. गप्प बसलेल्या गाडीला ते ‘यांना मजा येत नाही’ असं समजून वेग वाढवतात, हे लक्षात असू द्या.

गाडी रुतली तर चाक फिरवत बसलं की ती अजून खाली जाते. आधी आलेल्या चाकोरीतूनच मागे घेऊन बघायचं. नाही जमलं तर चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढायची, हवा अजून दोन-तीन पीएसआय कमी करायची, आणि तरीही नाही तर दुसरी गाडी पट्ट्याने ओढते. पट्टा ताणला जात असताना त्याच्या आसपास उभं राहून व्हिडिओ काढू नका. हूक निसटला तर तो गोळीसारखा येतो.

मळमळ हा या सफरीचा सगळ्यात नेमाने येणारा पाहुणा. सीटवर बरंच अवलंबून आहे. पुढची सीट सगळ्यात चांगली, कारण समोरचा चढ-उतार दिसत असतो. तिसरी ओळ सगळ्यात वाईट. ती मागच्या चाकांवर येते, तिथे उसळी जास्त आणि दिसत काही नाही. शेअरिंगच्या गाडीत सहा जण असतात, शेवटी उचललेल्यांच्या वाट्याला हीच ओळ येते. म्हणजे आपलं हॉटेल उचलण्याच्या क्रमात कितवं, हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी घेणार असाल तर गाडी वाळूत शिरायच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आलेपाकाची वडी जिभेखाली ठेवणाऱ्यांचंही बरं चालतं. करामात दुपारी भरपेट थाळी चेपून तीन वाजता निघणाऱ्यांना मात्र कशाचाच उपयोग नाही. निघायच्या दोन तास आधी हलकं खावं, पाणी घोट-घोट प्यावं, मोबाइलच्या पडद्यात बघू नये.

सकाळ-संध्याकाळचा आणखी एक फरक कुठलीच जाहिरात सांगत नाही. हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, इथे पहाटे दव आणि धुकं असतं. वरची वाळू दमट होते. गाडीला ती मानवते, चाक कमी रुततं. बोर्डाला मात्र ती चिकटते, घसरतच नाही. म्हणून सकाळच्या सफरीत आधी गाडी आणि मग बोर्ड हाच क्रम हवा. ऊन वाळूवर तास-दीड तास पडलं की वरचा थर सुटा होतो. उलट, डोक्यावर ऊन आल्यावर सावल्या नाहीशा होतात, सगळ्या टेकड्या सपाट दिसू लागतात आणि ड्रायव्हरला धार ओळखू येत नाही. दुपारी बाराची गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मे ते सप्टेंबरमध्ये तर सकाळीच, तेही जितक्या लवकर नेतील तितक्या लवकर. उन्हाळ्यात दुपारची वाळू अनवाणी पायाला भाजते.

सँडबोर्डिंग बहुतेक पॅकेजांत ‘मोफत’ असतं, आणि मोफत म्हणजे किती ते बोर्ड उलटा करून बघितल्यावर कळतं. बरेचदा तो वापरून टाकलेला जुना स्नोबोर्ड असतो. बर्फासाठी बनवलेला त्याचा तळ वाळूने खरवडला जाऊन पांढुरका आणि केसाळ झालेला असतो. असा बोर्ड निम्म्या उतारावर थांबतो आणि लोक समजतात आपल्यालाच जमत नाही. वाळूसाठी बनवलेल्या बोर्डाचा तळ सनमायकासारखा कडक आणि गुळगुळीत असतो. दोन्हींना मेण लागतंच. कंपनीकडे मेण नसणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, तेव्हा खिशात एक साधी पांढरी मेणबत्ती ठेवा. तळ आधी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, एकही कण राहता कामा नये. मग मेणबत्ती नाकापासून शेपटीपर्यंत लांब रेघांनी, जरा दाबून, पूर्ण तळावर घासा. तळहाताने चोळून पसरवा. दोन फेऱ्यांनंतर पुन्हा. याने जो फरक पडतो तो बघून शेजारच्या गाडीतले लोक मेणबत्ती मागायला येतात.

चढायचं कसं हेही ठरवून घ्या. घसरायच्या उभ्या बाजूने सरळ वर जाऊ नका, प्रत्येक पाऊल अर्धं मागे येतं आणि दुसऱ्या फेरीपर्यंत पोटऱ्या भरून येतात. वाऱ्याकडच्या घट्ट बाजूने वळसा घालून, धारेवरून चालत जा. वीस-पंचवीस मीटरची टेकडी चढायला पाच-सात मिनिटं लागतात, उतरायला दहा-पंधरा सेकंद. धडधाकट माणूस चार-पाच फेऱ्या करतो, मग पाणी मागतो.

पहिली फेरी बसून करावी. बुड बोर्डाच्या मधल्या रेषेच्या जरा मागे, पाय बोर्डावर, हात दोरीवर किंवा कडेला, अंग किंचित मागे. थांबायचं तर टाचा वाळूत रोवा. उभं राहून करताना बर्फावर शिकलेल्यांची हमखास चूक होते. बर्फात वजन पुढच्या पायावर असतं. वाळूत तसं केलं की बोर्डाचं नाक रुततं आणि माणूस पुढे भिरकावला जातो. इथे मागच्या पायावर थोडं जास्त वजन, गुडघे वाकलेले, नजर खाली पायाकडे न ठेवता समोर. बोर्डाच्या कडा वाळूत बर्फाइतक्या चावत नाहीत, त्यामुळे झटक्यात वळता येत नाही. वळायचं तर अंगाने, हळूहळू, लांब वळण. पडणार असं वाटलं की मूठ मिटून बाजूला बसकण मारा. पंजा उघडून हात टेकला की मनगट मुरगळतं. पोटावर झोपून डोकं पुढे करून घसरायचा मोह मुलांना होतो, तो होऊ देऊ नका. आणि खाली कुणी उभं असताना निघू नका. कोरडी वाळू मऊ वाटते, बोर्डाची कड मऊ नसते.

पायांत काय घालायचं? बोर्डाला बुटांची पकड असेल तर बंद बूट लागतात, नुसते पट्टे असतील तर अनवाणी किंवा जाड मोजे चालतात. इतर वेळी फ्लोटर्स बरे, वाळू शिरते तशी निघते. गळ्यातलं मंगळसूत्र-चेन हॉटेलवरच ठेवा. अंगठी वाळूत पडली की ती वाळूची झाली. ओढणी गळ्याभोवती न ठेवता कमरेला बांधा. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावा. कॅमेऱ्याची लेन्स उघड्यावर बदलू नका, इतकी बारीक वाळू पुढच्या वर्षापर्यंत करकरते. हिवाळ्यात सूर्य साडेपाचला मावळतो आणि लगेच गारठा पडतो, तेव्हा संध्याकाळच्या सफरीला स्वेटर हवाच.

कॅम्पाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कहवा (अरबी कॉफी), खजूर, खजुराच्या पाकातले गरम लुकैमात (पिठाचे तळलेले गोळे) यांत कुठेही फसत नाही. लुकैमात तळत असतील तेव्हाच घ्या. उंटाची फेरी म्हणजे दोन-तीन मिनिटांचं रिंगण. मेंदी बोटभर. तनूरा नाच बघण्यासारखा असतो, घागऱ्यात दिवे लावून गिरक्या घेतात. रमजानमध्ये नाचगाणं बहुतेक ठिकाणी बंद असतं, त्यावेळी कॅम्पाचे पूर्ण पैसे देण्यात अर्थ नाही. शाकाहाऱ्यांची सोय होते, डाळ-भात-पनीर असतं. पण शेगडीवर चिमटा एकच असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी आणि जैन जेवण हवं असणाऱ्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

खिसा हलका होतो तो या जागांवर: हवा काढायच्या थांब्यावर ‘घुत्रा’ (अरबी रुमाल) प्रेमाने डोक्याला बांधतात आणि मग किंमत सांगतात. बहिरी ससाण्याबरोबरचा फोटो, व्हीआयपी बैठक, हुक्का, सगळं वेगळं. क्वाड बाइक अर्ध्या तासाला साधारण शंभर ते दोनशे दिर्हाम, घासाघीस चालते. हेल्मेट आधी, पैसे नंतर. संध्याकाळची शेअरिंगची सफर माणशी साधारण १०० ते २०० दिर्हामांत मिळते. पूर्ण गाडी सहाशे ते हजारपर्यंत जाते. चार-पाच जणांच्या कुटुंबाला पूर्ण गाडीच परवडते, कारण हॉटेलं फिरत जाणारा पाऊण तास वाचतो आणि वाळूवर कधी थांबायचं ते तुम्ही ठरवता. पन्नास-साठ दिर्हामांत सगळं काही देणाऱ्यांकडे टेकड्यांवरची गाडी दहा मिनिटांत आटपते, किंवा बसने थेट कॅम्पात नेतात. ५ टक्के व्हॅट दरात धरलाय का, हेही विचारावं.

बुकिंगच्या वेळी व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर घ्या: टेकड्यांवर गाडी किती मिनिटं, बोर्ड किती माणसांत एक, क्वाडच्या थांब्यावर किती वेळ, रद्द केलं तर पैसे कधीपर्यंत परत. ‘फुल एन्जॉय सर’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. प्रवास विमा घेतला असेल तर त्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, ते बघा, बरेचदा असतात. आणि भाड्याची गाडी घेऊन स्वतःच वाळूत शिरायचा विचार असेल तर सोडून द्या, भाड्याच्या गाडीचा विमा वाळूतलं नुकसान सहसा भरत नाही.

परतताना डांबरी रस्ता लागण्याआधी टायरांत पुन्हा हवा भरायलाच हवी. १५ पीएसआयवर शंभरच्या वेगाने गेलं की टायरची बाजू दुमडत राहते, तापते आणि फुटते. घाईतला ड्रायव्हर ‘पुढच्या पंपावर भरू’ म्हणतो. पंप पाच मिनिटांवर असेल आणि गाडी हळू नेणार असेल तर ठीक, नाहीतर थांबवा. चार चाकांना दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात बूट काढून झटकून घ्या, पँटच्या घड्या सोडा आणि कानामागची वाळू फडक्याने पुसा. हॉटेलच्या न्हाणीघरात ती धुवायला गेलात तर मोरी तुंबते.